पळी पळी तेल : पाटणादेवीचा शिलालेख वाचला तो दिवस

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या देवळात मी लहानपणापासून जातोय. पण तिथला शिलालेख वाचायचा, एवढ्याचसाठी गेलो तो गेल्या भाद्रपदात. त्याआधी एकदा नवरात्रात प्रयत्न केला होता. दर्शनाची रांग, रेटारेटी. दगडासमोर दोन मिनिटं उभं राहणं जमलं नाही. अक्षरं दिसली, वाक्य एकही लागलं नाही. ती रुखरुख मनात राहिली होती.

म्हणून यावेळी तयारी करून गेलो. वाचनालयातल्या जुन्या कोरीव लेखांच्या पुस्तकातून अख्खा लेख वहीत मोठ्या अक्षरात उतरवून घेतला. बराचसा संस्कृत आहे, शेवटच्या ओळी मात्र मराठीत. शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण. म्हणजे इसवी सन १२०७. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादव राजाचा ज्योतिषी. आजोबांचा 'सिद्धांतशिरोमणी' आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि यादवांचे मांडलिक असलेल्या इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. भास्कराचार्यांचं मूळ गाव कोणतं यावर विद्वान अजून भांडतात. मठ मात्र आपल्या खानदेशात होता, हे दगडावरच कोरलेलं आहे.

सोबत नाना होते, माझे चुलते. चाळीसगावहून अठरा-एक किलोमीटर. वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली आणि गौताळा अभयारण्याच्या हिरव्यागार सागवानातून देवळापाशी पोचलो. आडवार होता, गर्दी नव्हती. पुजारीबाबांना आधी विचारलं. ते म्हणाले, "हात लावू नका, बाकी खुशाल वाचा."

मोबाइलची बॅटरी समोरून मारली की अक्षरं सपाट होतात, काही कळत नाही. ती दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरली, तेव्हा प्रत्येक खाचेत सावली भरली आणि ओळी वर आल्या. खडू, पावडर, तेल असलं काही कोणी कृपा करून लावू नये. बाजूचा उजेड पुरतो. मी सुरुवातीपासून वाचलंच नाही. आधी ओळखीचा शब्द शोधला, 'पाटणीं'. तो सापडला आणि मग वहीतली ओळ दगडावर लागत गेली : 'इयां पाटणीं जें केणें उघटे'. केणें म्हणजे विकायला आलेला माल. त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला दिला. पुढे गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या. आणि मग : 'जेती घाणे वाहति तेतियां प्रति पळि पळि तेला'.

"काय लिखेल शे रे तठे?" नानांनी विचारलं.

गावात जेवढे घाणे चालतील, त्या प्रत्येकाकडून मठाला एकेक पळी तेल, असं मी सांगितलं. नाना गप्प झाले. आमच्या घरी घाणा होता. बैलामागे फिरण्यात नानांचं बालपण गेलं. थोड्या वेळाने म्हणाले, "आपला घर बी देवनी पळी पहिले काढेत." लांब दांड्याची लोखंडी पळी, तिच्या कडेला सुकलेलं तेल, हे ते हाताने हवेत दाखवत होते.

माझ्या मते लेखाचा जीव या शेवटच्या ओळींतच आहे. राजाची स्तुती संस्कृतात, पण मठातला दिवा ज्यांच्या तेलावर जळणार, त्यांचा हिशेब त्यांच्या बोलीत.

नंतर उंच जोत्यावरचं हेमाडपंती महादेव मंदिर पाहिलं. धवलतीर्थाला भरपूर पाणी होतं, नाना तिथेच बसले. मी नागार्जुन लेण्यात जाऊन आलो. आतल्या तीर्थंकरमूर्ती शांतपणे पाहायला तरी अर्धा तास हवा. सीतेची न्हाणीही पाहिली. कन्हेरगड मात्र सोडला, वाट शेवाळली होती आणि नाना खाली एकटे होते.

परतताना चहाच्या टपरीवर नानांनी वही मागून घेतली, ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली आणि विचारलं, तेव्हा गावात घाणे किती असतील? लेखात आकडा नाही. जेती घाणे वाहति, एवढंच.