सीएचरूटमध्ये शिरलो एकदाचा!

बोर्डची लिनक्स सिस्टिम एसडी कार्डाऐवजी एसएसडीवरून चालवायची आहे. मागच्या अपडेटमध्ये सीएचरूटपाशी (एखाद्या फोल्डरलाच मूळ रूट मानून आत कमांड चालवणारी आज्ञा) अडकलो होतो, ते सुटलं. एसएसडीवरच्या बुकवर्म (डेबियन १२) रूटफाइलसिस्टिममध्ये सीएचरूट आता मुकाट बॅश (कमांड लिहायचा शेल) देतोय.

तोवर एकच पालुपद: '/बिन/बॅश: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. आणि एलएस (फायलींची यादी) मारलं की बॅश समोर हजर! परवानग्या ठीक. बोर्ड आर्म६४ प्रोसेसरचा, डेबूटस्ट्रॅपही (डेबियनची मूळ सिस्टिम उभारणारं साधन) त्याच बोर्डावर चालवलेला, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूएमूची भानगडच नाही.

शेवटी स्टॅटिक बिझीबॉक्स (बाहेरच्या लायब्ररी न लागणारा, शेलसकट छोट्या कमांडचा संच) आत टाकला आणि बॅशऐवजी त्याचाच शेल मागितला. झटक्यात प्रॉम्प्ट! काय बरं वाटलं म्हणून सांगू. म्हणजे सीएचरूट निर्दोष, आणि हरवलेली फाइल बॅश नव्हेच. रीडएल्फ -एल (प्रोग्रॅम फाइलची रचना दाखवणारी कमांड) लावल्यावर उलगडलं: बॅशला सुरू होताना लायब्ररी जोडून देणारा /लिब मधला एलडी-लिनक्स लोडर लागतो. तो सापडला नाही की कर्नल 'फाइल नाही' म्हणतो आणि सीएचरूट बॅशच्या नावाने बोंब मारतो.

लोडर गेला कुठे? बुकवर्ममध्ये /लिब ही यूएसआर/लिब ची सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल) असते. इथे मात्र चक्क डिरेक्टरी, आत नुसते कर्नलचे मॉड्यूल्स. मी उलगडलेल्या बोर्डवाल्यांच्या कर्नल टारबॉलमध्ये (टारने बांधलेलं गाठोडं) 'लिब/' अशी वेगळी एंट्री आहे, आणि जीएनयू टार अशा वेळी सिमलिंक उडवून तिथे डिरेक्टरी बनवतो. '--कीप-डिरेक्टरी-सिमलिंक' दिलं की लिंक शाबूत राहते. सरळ डेब (डेबियनचं नेहमीचं) पॅकेज द्यायला या लोकांचं काय जातं, देव जाणे.

मॉड्यूल्स यूएसआर/लिब मध्ये हलवले, रिकामी लिब काढली, लिंक परत केली. लिंकचा पत्ता 'यूएसआर/लिब' असाच द्या, आधी स्लॅश नको. नाहीतर बाहेरून काम करताना ती होस्टच्या, म्हणजे चालू सिस्टिमच्या, लायब्ररींकडे नेते.

प्रॉक, सिस, डेव्ह (कर्नल आणि उपकरणांची माहिती देणाऱ्या डिरेक्टरी) सीएचरूटच्या आत हाताने बाइंड करणंही (जोडणंही) बंद. डेबियनच्या आर्च-इन्स्टॉल-स्क्रिप्ट्स पॅकेजातला आर्च-सीएचरूट ते सगळं चढवतो, बाहेर पडताना उतरवतो, डीएनएसचीही सोय बघतो. आर्च लिनक्स न वापरणाऱ्यांनीही ठेवावा असा.

आता इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लागणारी छोटी फाइलसिस्टिम) बनवून थेट एसएसडीवरून बूट करणार होतो. पण लिहितालिहिता सुचलं: आधी सिस्टिमडी-एनस्पॉन -बी ने हेच रूट कंटेनरसारखं (चालू सिस्टिमच्या आत वेगळं बंदिस्त) उठवून एसएसएच (दुरून लॉगिन) सर्व्हिस वर येते का ते पाहावं. इनिटरॅमएफएस मात्र आर्च-सीएचरूटमध्येच, कारण एनस्पॉन खरी डिस्क आत दिसू देत नाही. एसडी कार्ड तोवर जागेवरच.