आमची वाटचाल : बटण सगळ्यात शेवटी

जुने पीसी चालू करून देणं हा आमचा व्यवसाय. सुरुवातीला मशीन टेबलावर आलं की आधी प्लग लावून बटण दाबायचो. आता ते बटण सगळ्यात शेवटी दाबतो. इतक्या वर्षांत आमच्या कामात झालेला सर्वांत मोठा बदल हाच.

पॉवर सप्लायमध्ये मेनच्या बाजूला कागदी कपॅसिटर असतात. त्यांच्या कवचाला बारीक तडे जातात, आत ओल शिरते आणि वीज मिळाली की काही मिनिटांत धूर. मदरबोर्डवरचे टँटलम धातूचे कपॅसिटर तर शॉर्टच होतात. मग पंखा जरासा हलून थांबतो आणि दोष सप्लायवर जातो. म्हणून आधी मल्टीमीटरने ५ आणि १२ व्होल्टच्या लाइनींचा ग्राउंडशी रोध मोजायचा, वजा १२चा सुद्धा. १२च्या लाइनवर एक-दोन ओहम दिसले, तर टँटलम शोधायला लागायचं. एटी (आयबीएमच्या १९८४च्या पीसीच्या धाटणीच्या) बोर्डला सप्लायचे दोन प्लग लावताना काळ्या वायरी मधोमध शेजारी-शेजारी याव्यात. उलट लागले तर बोर्ड गेलाच म्हणून समजा.

सर्वाधिक वेळ बॅटरी खाते. २८६ ते ४८६ प्रोसेसरपर्यंतच्या बऱ्याच बोर्डांवर कीबोर्ड सॉकेटजवळ ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते, लहानशा पिंपासारखी. ती गळते, पण गळलेलं द्रव्य आम्ल नसून अल्कली असतं. त्यामुळे खायच्या सोड्याने घासून काही होत नाही. पांढरं व्हिनेगर बोळ्याने लावायचं, हिरवट पूड विरघळली की पाण्याने धुवायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. हिरव्या थराखाली ट्रॅक (बोर्डवरची तांब्याची रेघ) काळा पडला असेल तर खरवडून एकेक तपासतो आणि तुटलेल्या ठिकाणी ३० गेजची बारीक वायर टाकतो. घाई केली की इथेच फसायला होतं: बोर्ड आज चालतो, महिन्याभराने बंद पडतो.

ओळख पटवताना डब्यावरच्या नावावर विसंबत नाही, कारण आतला बोर्ड अनेकदा बदललेला असतो. चिपसेटवरचा (बोर्डवरच्या मुख्य चिपांवरचा) नंबर आणि सुरू होताना दिसणारी बायोसची (बोर्डमधल्या मूळ प्रोग्रामची) ओळ खरं सांगतात. पाच पिनांचा गोल कीबोर्ड प्लग एक्सटी (एटीच्या आधीचं आयबीएम मॉडेल) आणि एटी दोन्हींना बसतो, पण सिग्नल वेगळे. कीबोर्डच्या मागे एक्सटी की एटी हे ठरवणारा एक्स-ए स्विच असेल तर तो आधी बघायचा.

१९८३च्या आयबीएम एक्सटीत सेटअपचा पडदाच नाही. फ्लॉपी किती, डिस्प्ले कोणता, हे बोर्डवरच्या आठ छोट्या स्विचांनी ठरतं. १९८४च्या एटीपासून ही माहिती सीमॉसमध्ये (बॅटरीवर टिकणाऱ्या छोट्या मेमरीत) गेली आणि एक गैरसमज जन्माला आला. बॅटरी संपली की डिस्कचा टाइप (बायोसच्या यादीतला तिच्या मापांचा क्रमांक) पुसला जातो, मशीनला डिस्क सापडत नाही, आणि चांगली डिस्क भंगारात निघते. याचं आम्हाला फार वाईट वाटतं. लेबलवर ६१५ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर असेल तर ती २१ एमबीची एमएफएम (जुन्या पद्धतीची) डिस्क, एटीच्या यादीत टाइप २. यादीत न बसणारी आयडीई (नंतरच्या पद्धतीची) डिस्क असेल आणि बायोसमध्ये टाइप ४७ असेल, तर आकडे हाताने भरता येतात. आकडे चुकीचे असताना डिस्कवर काहीही लिहू नये. चालू झाली की पहिलं काम पूर्ण प्रत काढण्याचं.

नवी बॅटरी बोर्डवर सोल्डर करत नाही. तीन एए सेलचा होल्डर वायरीने लांब, केसच्या कोपऱ्यात बसवतो. बोर्ड सेलला चार्ज करू नये म्हणून मध्ये एक डायोड. डिस्कचे आकडे आणि जंपरच्या (बोर्डवरच्या पिना जोडणाऱ्या टोप्यांच्या) जागा कागदावर लिहून झाकणाच्या आतून चिकटवतो.