झिलई

"मॅडम, नुसत्या नळ्याच? मटण नको?" खाटकाने दोनदा विचारलं. हाडाची हत्यारं करून बघायला मला ताज्या नळ्या हव्या होत्या, सत्तूर न लागलेल्या. आदल्या आठवड्यात वास नको म्हणून मी त्या उकळून घेतल्या होत्या आणि तासताना एकेक टोक कडकन तुटलं होतं. उकळलेलं हाड ठिसूळ होतं. ताज्या हाडावर दगडाचा ठोका बसला, की लांब, तिरकी चीर जाते. टोकदार कपची आयतीच हाती येते.

आम्हाला करून बघायच्या होत्या त्या ब्लोम्बोसच्या आऱ्या. दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या गुहेत राहणारी माणसं शिंपले वेचायची, मोठे मासे आणि सीलही खायची. पुरातत्त्वज्ञ क्रिस्टोफर हेन्शिलवूड आणि सहकाऱ्यांनी तिथल्या हाडांच्या २८ हत्यारांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. हत्यारं ७०,००० वर्षांहून जुनी. बहुतेक आऱ्याच, चांभाराच्या आरीसारख्या टोचायच्या. काही मात्र भाल्याला लावायची टोकं.

दुपारी मी आणि माझी विद्यार्थिनी गारगोटी फोडून काढलेला धारदार छिलका घेऊन बसलो. हाडाचा ओलसर भुगा बोटांना चिकटत होता. कपची मांडीवर टेकवायची, छिलका आपल्याकडे ओढायचा, कपची जराशी फिरवायची, पुन्हा ओढायचं. आरी तयार झाली आणि बकऱ्याच्या कातड्यातून आरपार गेली. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या अंगावर लांबीच्या दिशेने समांतर रेघा दिसल्या. ब्लोम्बोसच्या आऱ्यांच्या छायाचित्रांत मी वर्षानुवर्षं पाहत आलेल्या रेघा. माझ्याच मनगटाच्या ओढीने त्या उमटलेल्या बघून अंगावर काटा आला.

मग भाल्याचं टोक घेतलं. ब्लोम्बोसची टोकं नुसती तासलेली नाहीत, वर घासून गुळगुळीत केलेली आहेत. आमचं टोक आधी तासून झाल्यावरच टोचून पाहिलं. सहज घुसलं. नंतर ओल्या कातड्याने, बारीक वाळू लावून घासत राहिले. झिलई चढली, हाड हस्तिदंतासारखं दिसू लागलं. पुन्हा टोचलं. काडीचाही फरक नाही. अभ्यासकांनाही या झिलईचं कामापुरतं कारण सापडलं नव्हतं. त्यांच्या मते ती टोकाला वेगळं रूप, वेगळं मोल देण्यासाठी असावी. हे मी शिकवत आले होते, पण हाताला आज पटलं.

विद्यार्थिनी घड्याळाकडे बघत होती. "मॅडम, झालं की टोक. अजून कशाला घासताय?"

एक कड अजून खरखरीत लागत होती. मी कातडं पुन्हा ओलं केलं.