निगेटिव्ह रिपोर्टवर सही करण्याआधी

जुलैमध्ये तापीच्या पट्ट्यात आभाळ सलग भरून राहिलं, झिमझिम थांबेना, की आमच्या लॅबमध्ये केळीची पानं यायला लागतात. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर, सगळीकडून. कुणी पेपरात गुंडाळून आणतो, कुणी युरियाच्या रिकाम्या गोणीत. पानावर शिरांना धरून फिकट पिवळे पट्टे, कडा मुडपलेल्या, हात लावला तर पान कडक. शेतकरी त्याला हरण्या म्हणतात. रिपोर्टवर आम्ही लिहितो कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे सीएमव्ही.

इतकं स्पष्ट पान आलं तर काम सोपं असतं. पट्टे बघूनच निम्मं उत्तर मिळालेलं असतं, मशीन फक्त शिक्कामोर्तब करतं. माझी झोप उडते ती दुसऱ्या नमुन्यांमुळे. हिरवंगार, तजेलदार पान, एकही डाग नाही, आणि सोबत विचारणा, ‘यात व्हायरस नाही ना?’ हे नमुने बहुतेक टिश्यू कल्चरच्या मातृवृक्षांचे असतात, म्हणजे ज्यांच्या तुकड्यांपासून प्रयोगशाळेत रोपं वाढवतात त्या झाडांचे. आपली केळी बियांपासून होत नाही. पूर्वी बागेतले कंद निवडून लावायचे, आता ग्रँड नैन जातीची टिश्यूची रोपं लावतात. दोन्हीत एका झाडातलं जे काही असेल ते पुढच्या झाडात जसंच्या तसं उतरतं. एका मातृवृक्षापासून हजारो रोपं होतात. त्या झाडाच्या पानाला मी ‘नाही’ म्हटलं आणि ते खोटं निघालं, तर ते हजारो रोपांतून कुणाकुणाच्या मृगबागेत जाऊन पडेल याचा मला हिशेब लागणार नाही. विषाणू झाडात शिरल्यावर त्यावर औषध नाही. झाड उपटून नष्ट करणं एवढाच उपाय. म्हणूनच केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणन पद्धत सुरू केली, आणि तिच्यात मातृवृक्षांची विषाणू तपासणी आली.

आता हा विषाणू काय आहे ते थोडं सांगते. काकडीवर त्याची पहिली नोंद अमेरिकेत १९१६ साली झाली, म्हणून नाव काकडीचं. पण त्याला काकडीचंच असं काही नाही. हजारावर प्रकारच्या वनस्पतींत तो राहू शकतो. टोमॅटो, मिरची, भोपळावर्गीय वेली, बांधावरचं तण, सगळं त्याला चालतं. कण जेमतेम २९ नॅनोमीटरचा. आत जनुकांचा मजकूर डीएनएत नाही, आरएनएत आहे, तोही तीन वेगवेगळ्या तुकड्यांत. तिन्ही तुकडे पेशीत पोचले तरच संसर्ग पुरा होतो.

त्याला झाडावरून झाडावर नेणारा मावा आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. कपाशीवर पडतो तोच मावा या कामात पुढे असतो. खान्देशात केळी आणि कपाशी बांधाला बांध लावून असतात हे कुणाला सांगायला नको. मावा रोगी पानात सोंड खुपसतो, काही सेकंदांत विषाणू सोंडेच्या टोकाला चिकटतो, आणि पुढच्या झाडावर बसून चव घेतली की तितक्याच वेळात तो तिथे उतरतो. केळीवर त्याला वस्ती करायची नसते, नुसतं चाखून उडून जातो. म्हणून नुसत्या फवारणीने हरण्या थांबत नाही. औषध लागून मावा मरेपर्यंत त्याचं काम उरकलेलं असतं. बागेभोवतीचं तण काढणं, केळीत काकडी, भोपळा, मिरची असली आंतरपिकं न घेणं, रोगट झाड दिसताच काढणं, हे जास्त उपयोगी पडतं. केळी संशोधनातली माणसं हे वर्षानुवर्षं सांगत आली आहेत.

पण मला आज लिहायचंय ते लॅबच्या आतलं.

केळीच्या चिकाचा कपड्यावर पडलेला डाग कधी जात नाही, हे आमच्या घरात लहान पोराला पण माहीत असतं. आप्पांचे बागेत जायचे सदरे वेगळे होते, त्यावर तपकिरी नकाशे उमटलेले असायचे, आणि आई ते बाकीच्या धुण्यात मिसळू द्यायची नाही. बायोकेमिस्ट्री शिकायला जळगावच्या विद्यापीठात गेले तेव्हा कळलं की हा डाग पाडणारी पॉलिफेनॉल्सच केळीच्या पानातून आरएनए काढताना सगळ्यात जास्त छळतात. पेशी फुटली, हवा लागली की ती तपकिरी होतात आणि आरएनएला असं धरून बसतात की सोडवता येत नाहीत. सोबत पिष्टमय, बुळबुळीत शर्कराही असतात, आणि त्या आरएनएच्या जोडीने खाली बसतात.

म्हणून पान कुटायचं ते गोठवूनच. खल आधी द्रव नायट्रोजनने थंड करून घ्यायचा, उणे १९६ अंश. पानाचे तुकडे टाकले की चर्र आवाज येतो, पांढरी वाफ टेबलावरून खाली सांडते, आणि क्षणात पान काचेसारखं कडकडीत होतं. मग बत्ता फिरवायचा. आधी ठिकऱ्या, मग रवाळ, मग मऊ हिरवी पूड. ती पूड हिरवीच राहिली पाहिजे. मध्येच गप्पा मारल्या, नायट्रोजन उडून गेला आणि पूड ओलसर झाली की कडेने तपकिरी रंग चढायला लागतो. तो दिसला की मी तो नमुना टाकून नवा घ्यायला लावते, मग कुणी कितीही नाराज होवो.

पूड ताबडतोब गरम सीटॅब बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडणाऱ्या साबणी द्रावणात. त्यात पीव्हीपी घातलेलं असतं, ते पॉलिफेनॉल्स स्वतःकडे ओढून घेतं. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल असतं, ते तपकिरीपणा रोखतं आणि आरएनए खाणाऱ्या एंझाइमांना निकामी करतं. वास असा, की फ्यूम हूडमध्ये काम केलं तरी कॉरिडॉरमध्ये कळतं आज केळी लावली आहे. ६५ अंशांवर ठेवून मग क्लोरोफॉर्म, मग सेंट्रिफ्यूज. नळी बाहेर काढली की तीन थर दिसतात. खाली क्लोरोफॉर्म, त्यात पानाचा हिरवा रंग उतरलेला. मध्ये प्रथिनांची पांढरट साय. वर पाणी, आणि त्या पाण्यात आपला माल. पिपेटची टीप वरच्या थरात धरून हळूहळू ओढायचं आणि सायीच्या बरंच वर थांबायचं. चार थेंब जास्त मिळावेत म्हणून खाली गेलात तर तेच चार थेंब पुढचं सगळं बिघडवतात. वरचं पाणी लिथियम क्लोराइड घालून रात्रभर थंड ठेवलं की आरएनए खाली बसतो.

दुसऱ्या दिवशी त्याची शुद्धता मोजायची. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचं गुणोत्तर २ च्या आसपास आलं की पोरं खूश होतात. मी त्यांना २६० भागिले २३० बघायला लावते. तो आकडा घसरलेला असेल तर शर्करा, फेनॉल किंवा क्षार अजून आत आहेत. हे इतकं ताणून का सांगते, तर हाच घाण राहिलेला नमुना पुढच्या टप्प्यात डीएनए तयार करणारं एंझाइम बंद पाडतो. एंझाइम बंद पडलं की शेवटी जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे दाखवणाऱ्या थरावर, काहीच दिसत नाही. आणि निरोगी झाडाच्या नमुन्यातही जेलवर काहीच दिसत नाही. दोन्ही रिकाम्या जागा डोळ्यांना हुबेहूब सारख्या.

पुढचा टप्पा आरएनएचा डीएनए करायचा. हे काम करणारं रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी वेगवेगळं काम करून शोधलं, त्यांना १९७५ चं नोबेल मिळालं. आमचं एंझाइम ४२ अंशांवर चालतं. मे महिन्यात जळगावात बाहेरच त्याहून जास्त तापमान असतं, म्हणून उन्हाळ्यात एंझाइम मागवायचं मी शक्यतो टाळते. मागवावंच लागलं तर डबा उघडताच आतला बर्फ बघते, आणि माहीत असलेल्या रोगट नमुन्यावर चालवून पाहिल्याशिवाय ती बाटली कुणाला वापरू देत नाही. मग पीसीआर, म्हणजे डीएनएचा हवा तो तुकडा पुन्हा पुन्हा दुप्पट करणं. ९४ अंशांना साखळ्या सुटतात, ५५ च्या आसपास प्रायमर, म्हणजे हव्या तुकड्याची टोकं पकडणारे छोटे डीएनए, बसतात, ७२ ला टॅक पॉलिमरेज नवी साखळी बांधतं. हे टॅक गरम पाण्याच्या झऱ्यातल्या जिवाणूचं, म्हणून ९४ अंशांना टिकतं. ३० फेऱ्या झाल्या तर एका तुकड्याचे हिशेबाने १०७ कोटी होतात. विषाणूच्या आवरणाच्या प्रथिनाचं जनुक पकडलं की जेलवर साधारण ६५० बेस लांबीच्या जागी पट्टा दिसतो.

आता रिकामी जागा खरी कशी ठरवायची? प्रत्येक जेलवर नमुन्यांच्या सोबत तीन गोष्टी हव्यातच. एक, नक्की रोगट असलेल्या झाडाचा नमुना. तिथे पट्टा नाही आला तर त्या दिवशीचं सगळं रद्द. दुसरी, नुसतं पाणी. तिथे पट्टा आला तर कुठेतरी भेसळ आहे, तेव्हाही सगळं रद्द. आणि तिसरी माझ्या मते सगळ्यात मोलाची, ती म्हणजे त्याच नमुन्यातून केळीचं स्वतःचं एखादं जनुक वाढवणं. ते प्रत्येक केळीत असतंच. त्याचा पट्टा आला आणि विषाणूचा नाही आला, तरच मी ‘आढळला नाही’ लिहिते. केळीचाच पट्टा नाही आला तर तो नमुना निगेटिव्ह नाही, तो नमुना झालाच नाही. अशा वेळी आरएनए दहापट पातळ करून पुन्हा लावतो. घाणही तितकीच पातळ होते, आणि कधीकधी रिकाम्या दिसणाऱ्या जागी विषाणूचा पट्टा स्वच्छ उभा राहतो. हे ज्यांनी एकदा पाहिलंय त्यांना पुन्हा सांगावं लागत नाही.

एमएस्सीची पोरं प्रोजेक्टला येतात तेव्हा त्यांना पट्टा हवा असतो. पट्टा आला की फोटो निघतो. जेलवरची पाण्याची लेन, म्हणजे रांग, ‘वाया’ जाते असं त्यांना वाटतं, किट महाग असतं, त्यामुळे ती गाळायचा मोह होतो. मी पहिला महिना त्यांना पाणी आणि केळीचं जनुक यांच्याशिवाय दुसरं काही लावूच देत नाही. कंटाळतात. चालेल.

उलटी फसगतही असते. केळीचा दुसरा एक विषाणू आहे, बनाना स्ट्रीक व्हायरस. तो डीएनएचा आहे, आणि केळीच्या एका रानटी पूर्वजाकडून आलेल्या गुणसूत्रांत, म्हणजे बी जीनोममध्ये, त्याचे तुकडे कायमचे शिरून बसलेत. पूवनसारख्या बी जीनोम असलेल्या जातीत साधा पीसीआर लावला तर झाड ठणठणीत असूनही पट्टा येऊ शकतो. तिथे आधी नळीच्या भिंतीला प्रतिपिंडं (अँटीबॉडी) लावून खरे विषाणूकण पकडतात, बाकी धुऊन टाकतात, मग पीसीआर करतात. आपली बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन या सगळ्या एएए गटातल्या, म्हणजे बी जीनोम नसलेल्या, त्यामुळे ही अडचण आपल्याकडे कमी.

मागे यावलकडचे एक काका रिपोर्ट घ्यायला आले. ‘ताई, निगेटिव्ह म्हणजे बाग वाचली ना?’ मी म्हटलं, ‘काका, तुम्ही आणलेल्या पानात सापडला नाही, एवढंच मी सांगू शकते. शेजारच्या झाडाचं त्या झाडाला विचारावं लागेल.’ त्यांना ते पटलं नाही, चेहऱ्यावर दिसलं. पण विषाणू झाडात सगळीकडे सारखा पसरत नाही. नुकताच शिरलेला असेल तर एका पानात असतो, दुसऱ्यात नसतो, आणि पट्टे उमटायला बरेच दिवस जातात. म्हणून मातृवृक्षाची तपासणी एकदाच करून भागत नाही, ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. शेतात बसून बघायच्या, तपासणीच्या तयार पट्ट्या मिळतात, त्या संशयित झाड उपटायचं की नाही ठरवायला चांगल्या आहेत. मातृवृक्षाला ‘नाही’ म्हणायला मी त्या वापरणार नाही.

नमुना पाठवणार असाल तर एवढं करा. पोंग्यालगतचं नुकतं उघडलेलं पान घ्या, जुनं वाळकं नको. धुऊ नका. कोरड्या पेपरात गुंडाळा, बंद प्लास्टिकमध्ये उन्हात ठेवलं तर पान शिजतं आणि आमच्या हाती चीक सोडून काही लागत नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवा, जमलं तर थर्मासमध्ये बर्फ घालून. एका झाडाचं एक पान एका पुडक्यात, वर झाडाची ओळ आणि नंबर. आणि चिठ्ठीवर रोपं कुठून घेतली आणि शेजारच्या शेतात काय लावलंय तेही लिहा.