दोन सशांची सोयरीक जुळवताना

घरातल्या सशाला जोडीदार आणायचे ठरले की बहुतेक जण आधी रंग आणि जात बघतात. माझ्या मते पहिला विचार नसबंदीचा व्हायला हवा. सशाची मादी साधारण 31 दिवसांत विते आणि व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. शिवाय नसबंदी न केलेल्या माद्यांना वाढत्या वयात गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण फार मोठे असते. नराची शस्त्रक्रिया झाल्यानंतरही सुमारे सहा आठवडे त्याला मादीपासून दूर ठेवावे लागते, कारण तेवढ्या काळात तिला दिवस जाऊ शकतात. पिल्लांमध्ये नर-मादी ओळखण्यात विक्रेते सर्रास चुकतात, म्हणून सशांची नीट माहिती असलेल्या पशुवैद्यांकडून खात्री करून घेणे उत्तम.

आमच्या चिंगीसाठी आम्ही भुऱ्याला दत्तक घेतले, ते तो मोठा आणि नसबंदी झालेला असल्यामुळेच. ससा हा कळपात राहणारा प्राणी आहे. माणसाने कितीही माया केली तरी एकमेकांना चाटून स्वच्छ करणे आणि अंगाला अंग लावून झोपणे हे सुख त्याला दुसरा ससाच देऊ शकतो. पण तो आपल्या जागेबाबत तितकाच हट्टी असतो, त्यामुळे नव्या सशाला थेट जुन्याच्या पिंजऱ्यात सोडणे म्हणजे भांडणाला आमंत्रण.

सुरुवातीला दोघांना शेजारी, पण मध्ये जाळी ठेवून राहू दिले, आणि त्यांच्या लेंड्यांचे ट्रे व अंथरुणे आपसांत बदलत राहिलो, जेणेकरून परका वास ओळखीचा व्हावा. जाळीतून चावता येणार नाही एवढे अंतर मात्र राखावे लागते. जाळीला टेकून दोघे निवांत पसरू लागल्यावर त्यांची पहिली भेट न्हाणीघरात घडवली, कारण तिथे दोघांपैकी कोणाचाच हक्क नव्हता. फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून चटई अंथरली आणि मध्ये वाळलेल्या गवताचा ढीग व कोथिंबिरीची जुडी ठेवली. भुऱ्याने मान जमिनीलगत घालून डोके पुढे केले. चिंगीने आधी पाठ फिरवली, मग कोथिंबीर खाता खाता त्याच्या कपाळावरून दोनदा जीभ फिरवली. थोडा पाठलाग, केस उपटणे, अंगावर चढणे हे मोठेपणा ठरवण्याचे प्रकार असतात, तेवढ्यावरून घाबरू नये. मात्र कान मागे दाबलेले, शेपटी ताठ आणि अंग आवळलेले दिसले, की त्याच क्षणी जाड टॉवेल मध्ये घालून दोघांना वेगळे करावे. उघडा हात घातला तर चावा ठरलेला. सशाची कातडी पातळ असते आणि खऱ्या भांडणातल्या जखमा खोल होतात.

भेटी छोट्या ठेवाव्यात, आणि शक्यतो दोघे शांत असतानाच संपवाव्यात. काही जोड्या आठवड्यांत जमतात, काहींना महिने लागतात. उन्हाळ्याच्या काहिलीत मात्र हा उद्योग टाळलेलाच बरा, कारण पारा तिशीपुढे गेला की सशाला उष्माघाताचा धोका असतो आणि त्यात भांडणाचा ताण नको. या ताणाने एखाद्याने खाणे सोडले तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते, म्हणून अर्धा दिवस उपाशी राहिलेला ससाही डॉक्टरांकडे न्यायलाच हवा.

तपासणी एकाचीच असली तरी आता आम्ही दोघांना एकत्र घेऊन जातो, कारण दवाखान्याचा वास घेऊन एकटा परतलेला जोडीदार दुसऱ्याला परका वाटतो आणि जमलेली जोडी त्यावरून मोडू शकते.