गच्चीवरची स्ट्रॉबेरी

११ जानेवारी, राजारामपुरी, कोल्हापूर

आज परत फुलं खुडली. एकेका दांड्यावर आठ-दहा कळ्या होत्या, मी आधी उमललेली चार ठेवली. सासूबाई संक्रांतीचे तीळ वाळत घालायला वर आल्या होत्या. "अगं, फळ धरायच्या आधीच खुडतीस व्हय? मग लावलंस कशाला?" शिरोळच्या मळ्यात वाढलेल्या बाईला हे कसं पटावं! मलाही खुडताना जिवावरच येतं. पण दांड्यावर मागाहून येणाऱ्या फुलांची फळं बारीक राहतात आणि पहिल्या फळांचं खाणं मात्र वाटून घेतात. म्हणून जपानी शेतकरी मोजकीच फळं ठेवतात. तिकडे पेटीत एकेक फळ मांडून विकतात, त्याची सुरुवात अशा खुडण्यातनंच होते.

स्ट्रॉबेरीच्या जपानी वाणांची नावं मला पाठ आहेत. फुकुओकाची अमाओ, तोचिगीची तोचिओतोमे, सागाची पांढरी शिरोई होसेकी. रोप मात्र यातलं एकही नाही. अमाओ २००५ साली नोंदवलेला वाण, २०२५ पर्यंत तो फुकुओकाबाहेर जपानातसुद्धा लावत नसत. शिवाय २०२१ पासून तिथल्या कायद्यानं नोंदणी झालेले वाण परदेशी नेण्यावर बंधनं आणली आहेत. ऑनलाइन 'पांढऱ्या जपानी स्ट्रॉबेरीचं बी' मिळतं, पण त्याच्या नादाला लागण्यात अर्थ नाही. स्ट्रॉबेरीचं बी आईवर जात नाही. वाण टिकवायचा तर रनरचीच, म्हणजे मूळ रोपातनं फुटणाऱ्या आडव्या वेलीवर धरलेली, रोपं लागतात. म्हणून माझ्या कुंड्यांत महाबळेश्वरकडून आणलेला विंटर डॉन हा वाण आहे. निगा तेवढी जपानी.

सकाळी दहाच्या सुमारास लेकीचा रंगाचा ब्रश घेऊन फुलांवर फिरवते. तिकडे हरितगृहात मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात, इथं मीच माशी. फुलाच्या मधोमध पिवळसर घुमट असतो, त्यावर बारीक केसांसारखे स्त्रीकेसर. ब्रश त्या सगळ्यांवरून गोल फिरला पाहिजे. जी बाजू सुटेल तिथं फळ चपटं, वाकडं होतं. फळावर वरून दिसणारं एकेक 'बी' हेच खरं तर स्ट्रॉबेरीचं फळ. आपण आवडीनं खातो तो लाल गर म्हणजे फुगलेलं देठाचं टोक. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग मला टोकच दे." खुळी!

अडचण आहे ती आपल्या उन्हाची. गारव्यात फळ सावकाश, चाळीस-पन्नास दिवसांनी पिकतं आणि साखर धरतं. ऊब वाढली की महिन्याभरातच लाल होतं, चव मात्र कच्चीच. इथं रात्री छान गारठा असतो, पण दुपारी गच्ची तापते. बारा वाजले की हिरवी जाळी ओढते आणि कुंड्या टाकीच्या सावलीला सरकवते. पाणी घालताना गड्डा, म्हणजे पानं फुटतात तो मधला भाग, मातीच्या वर राहील एवढं बघते. तो बुजला की कुजलाच.

संध्याकाळी पहिलं पिकलेलं फळ काढलं. चौघांत चार फोडी. सासूबाईंनी डोळे मिटून खाल्ली. "गोड हाय. पण एवढ्यानं काय हुतंय? खुडलेल्या फुलांचं धरलं असतं तर वाटीभर झालं असतं."

एप्रिल-मेमध्ये ही रोपं इथं तगतील असं वाटत नाही. पन्हाळा शहरापेक्षा बराच उंच, तिथं मावशींचं अंगण आहे. रनर धरून तिकडं पोचवायचे आणि पावसाळा सरला की परत आणायचे, असं डोक्यात आहे. मावशींना अजून विचारलेलं नाही. त्यांची शेळी मोकळीच फिरते, तेवढं आधी बघायला हवं.