तुम्ही विचारलंत म्हणून: मासा फळ खातो का?

मी गळ टाकून बसलेला असताना डब्यात तुती किंवा द्राक्षं दिसली की मागून कुणीतरी विचारतंच, "ही माशासाठी की तुमच्यासाठी?" दोघांसाठी, असं मी सांगतो. मग खरा प्रश्न येतो: "पण मासा फळ खातो?" नुसतं "हो" म्हटलं तर विचारणारा दुसऱ्या दिवशी केळं घेऊन पाण्यावर जातो आणि रिकाम्या हाताने परत येऊन मला बोल लावतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझीही सुरुवात केळ्यानेच झाली. चांगलं पिकलेलं, घमघमणारं. आपल्याला गोड लागतं ते माशालाही लागणार, असा माझा साधा हिशेब. पण फेकतानाच केळं एकीकडे जायचं आणि गळ दुसरीकडे. जो तुकडा टिकायचा तो बारकी पिल्लं कुरतडून संपवायची. दोन मोसम असे गेले.

चूक केळ्याची नव्हती, हिशेबाची होती. माशाला वास येतो तो पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचा, आणि त्याचं नाक विशेष तिखट असतं ते अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांच्या बाबतीत. गांडूळ कुठल्याही पाण्यात चालतं त्याचं हेच मोठं कारण. फळात पाणी आणि साखर भरपूर, अमिनो आम्लं त्या मानाने थोडी. त्यामुळे लांबून मासा ओढून आणायचं काम फळाकडून होत नाही. मासा जिथे आधीच फळाची वाट पाहत असतो, तिथेच ते चालतं.

ती जागा म्हणजे पाण्यावर वाकलेलं फळझाड. हे मला एका तुतीखाली कळलं. वाऱ्याची झुळूक आली, चार फळं टपटप पडली आणि पाण्यात एक मोठी, सावकाश लाट उठली. गवत्या होता, म्हणजे ग्रास कार्प. नावाप्रमाणे तो पाणवनस्पती खातो, पण पिकल्या तुतीखाली त्याचा मुक्काम ठरलेला. शिंगाड्याच्या जातीचे (कॅटफिश) काही मासेही तिथे येतात. त्यांच्या मिशांवरच नव्हे, सगळ्या अंगावर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि त्यांनी तो कडक बियाही भरडतो. महसीरही काठावरच्या उंबराची फळं खातो.

यातला खरा राजा मात्र अॅमेझॉनचा तंबाकी. मीटरभर लांब आणि तीस किलोपर्यंत वाढणारा हा मासा पूर आला की बुडालेल्या जंगलात शिरतो आणि झाडांखाली फळं-बिया खात हिंडतो. त्याचे दात माणसाच्या दाढांसारखे दिसतात. खाल्लेल्या काही बिया तो पाच किलोमीटरहूनही लांब नेऊन टाकतो, म्हणजे जंगल पेरायचं काम मासा करतो! तिथले मच्छीमार काठीला बांधलेला गोळा पाण्यावर आपटतात. मासा समजतो फळ पडलं, आणि येतो. ही युक्ती वाचली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझा सगळा भर गोडीवर होता, आणि मासा कान देऊन होता 'टुप्' या आवाजाकडे.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. झाडाखालून पडलेलं ताजं फळ उचलतो, म्हणजे मासा जे खातोय तेच. शिसं लावत नाही, कारण झाडावरून पडलेलं फळ दगडासारखं तळाला जात नाही. फळ तरंगतं की बुडतं, हे काठावर उथळ पाण्यात टाकून आधी पाहतो. पडलेली फळं तरंगत असताना आपलंच बुडालं तर मासा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तुती देठासकट घेऊन गळ लांबीने ओवतो. द्राक्ष किंचित कच्चं बरं, साल घट्ट असते. चेरीची बी काढून टाकतो, नाहीतर गळाचं टोक बीत अडकतं आणि झटका वाया जातो. केळं लावायचंच असेल तर अर्धवट कच्चं घ्या, आणि सालीची एक पट्टी त्यावर ठेवून गळ सालीतून काढा. साल गर धरून ठेवते. संशयी कार्पसाठी मात्र फळ गळावर न लावता गळामागच्या आखूड धाग्यावर बांधतो. तो फळ तोंडात ओढतो, आणि मागोमाग गळही जातो.

फळ अलगद टाका, पण आवाज होऊ द्या. आणि स्वतःची सावली पाण्यावर पडू देऊ नका. गवत्या इतका भित्रा की एकदा बिचकला तर ते झाड तासभर विसरा. माझे निम्मे मासे सावलीने घालवले आहेत, फळाने नाही.

मोसमाबाहेर काय? झाडाला फळ नसताना मी फळ नेत नाही. गांडूळ किंवा भिजवलेला मका नेतो.

आणि एक. निघताना उरलेली फळं छोट्या तळ्यात ओतू नका. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. म्हणून डबा मी काठावरच रिकामा करतो. तुती असली तर घरी जाताना माझी जीभ जांभळी असते.